कटकन आवाज होण्याआधी

मंडळी, कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातांनी मणके आणि सांधे हलवून दुखण्यावर उपचार करणाऱ्याकडे, पहिल्यांदा जायचं म्हटलं की डोळ्यांसमोर मोबाइलवर पाहिलेला एखादा व्हिडिओ येतो. मान धरली, झटका दिला, कटकन आवाज झाला आणि माणूस हसत उठला. त्या झटक्याआधीचा बराचसा वेळ व्हिडिओतून कापलेला असतो. मी आज मुख्यतः त्याच वेळेबद्दल बोलणार आहे. समोरचा माणूस कसा आहे, हे तेव्हाच कळतं.

आधी फॉर्म भरावा लागतो. जुनी दुखणी, ऑपरेशनं, अपघात, चालू असलेल्या गोळ्या. इथे लोक हमखास टाळाटाळ करतात. ‘पाठ दुखतेय, त्याचा गोळ्यांशी काय संबंध?’ संबंध आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जोराचा झटका देण्याआधी दहादा विचार करावा लागतो. वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेल्या माणसाची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. पूर्वी कॅन्सर होऊन गेला असेल, तर नव्यानं सुरू झालेल्या पाठदुखीकडे वेगळ्याच नजरेनं पाहावं लागतं. गरोदर असाल तर तेही सांगायचं.

मग प्रश्न. कळ पायात उतरते का? खोकल्यावर वाढते का? रात्री झोपेतून उठवते का? ताप येतो का, वजन उगाच घटलंय का? काही प्रश्नांनी संकोच वाटेल. लघवी-संडासवरचा ताबा सुटलाय का, बसताना टेकतो त्या भागात बधिरपणा आलाय का, असं विचारलं जातं. सरळ उत्तर द्या. कण्याच्या खालच्या टोकाशी नसांचा जुडगा असतो. तो दाबला गेला तर अशी लक्षणं दिसतात आणि मग काही तासांत निर्णय घ्यावा लागतो. अशा वेळी चांगला कायरोप्रॅक्टर तुम्हाला टेबलावर न घेता थेट हॉस्पिटलला पाठवतो. हे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत, तर माझ्या मते तिथून उठून यायला हरकत नाही.

तपासणीत विशेष गूढ काही नाही. वाका, वळा, टाचांवर चाला. उताणं झोपवून पाय सरळ वर उचलतात. सायटिकाची, म्हणजे कमरेतून पायात जाणाऱ्या नसेची, कळ त्यात लगेच बोलते. छोट्या हातोडीनं गुडघ्यावर टकटक करतात, पायाच्या अंगठ्यातली ताकद बघतात, मग एकेक मणका बोटांनी चाचपतात. सैल कपडे घालून गेलात की झालं. एक्स-रे प्रत्येकाला लागत नाही. मार लागला असेल किंवा एखादं गंभीर लक्षण असेल तर गोष्ट वेगळी. पण आलेल्या प्रत्येकाचा फोटो काढून ‘बघा, मणके किती सरकलेत’ असं कोणी दाखवत असेल, तर सावध व्हा. अजिबात न दुखणाऱ्या पाठीतही चित्रात झीज दिसते.

ही ‘मणके सरकले’ची भाषा जुनी आहे. 1895 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी ही उपचारपद्धती सुरू करणाऱ्या डी. डी. पामर नावाच्या गृहस्थांनी हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीवर उपचार केला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागलं, असं सांगितलं. त्यातून पामर यांनी बहुतेक सगळे रोग कण्यातल्या बिघाडातून होतात, असा सिद्धांत मांडला. तो सिद्धांत टिकला नाही. हातांचं कसब मात्र उपयोगी ठरलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शिकेत जुनाट कंबरदुखीसाठी मणक्यांवरचे असे उपचार सुचवलेले आहेत. ब्रिटनमधली 2016 ची मार्गदर्शिकाही त्यांना जागा देते, पण व्यायामासोबत, एकट्यानं नव्हे. तेव्हा कंबर किंवा मान धरली म्हणून जात असाल तर ठीक. दमा, पचन, मुलांच्या कानाचं दुखणं यांसाठी कोणी मणके बसवून देतो म्हणत असेल, तर तिथे पुरावा नाही.

आता प्रत्यक्ष उपचार. तो पहिल्याच दिवशी होईल असं नाही. करण्याआधी काय करणार, धोका काय, दुसरा पर्याय काय, हे सांगून तुमची संमती घ्यायला हवी. कमरेसाठी बहुधा कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा वाकवतात आणि एक छोटा, जलद दाब देतात. आवाज होतो तो हाडं घासल्याचा नाही. सांध्यातल्या वंगणात वायू विरघळलेला असतो. पृष्ठभाग झटकन दूर गेले की पोकळी तयार होते. 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोटं मोडताना एमआरआयमध्ये हे टिपलं. तोच सांधा पुढची वीसेक मिनिटं पुन्हा वाजत नाही. आणि आवाज झाला नाही म्हणून उपचार फुकट गेला, असंही नाही.

मानेबद्दल मी जरा जास्त कडक बोलतो. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. ती विरळ आहेत, आणि चीर झटक्यानं पडली की आधीच पडली होती व मानदुखी हे तिचंच लक्षण होतं, यावर वाद आहे. तरीही मानेला झटका नको, असं तुम्ही सांगू शकता. हलक्या हातानं, हळूहळू हालचाल देऊनही काम करता येतं.

घरी गेल्यावर एक-दोन दिवस अंग ठणकणं, थकवा येणं नेहमीचं. पण कधी नव्हे इतकी डोकेदुखी किंवा मानदुखी उठली, बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले, तर कायरोप्रॅक्टरला फोन करत बसू नका. हॉस्पिटल गाठा.

मागून कोणीतरी विचारतंय, ‘किती वेळा जावं लागेल?’ पहिल्याच दिवशी वर्षभराचं पॅकेज पुढे आलं तर सही करू नका. काय सुधारलं म्हणजे गुण आला समजायचं आणि पुन्हा तपासणी कधी, एवढं विचारा. वाकता येणं, झोप लागणं, असं मोजता येईल ते ठरवून घ्या. काही आठवड्यांत त्यात फरक दिसला नाही, तर आहे तेच पुढे रेटू नका. दुखणं पुन्हा तपासून घ्या आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही दाखवा.