बाटलीचं वय दुकानदाराच्या ओळीत

(टेबलावर ओळीनं मांडलेल्या बाटल्या. कॅमेरा एका पिवळट लेबलाजवळ जातो.)

डब्लिनमधल्या एका संग्राहकाचं हे टेबल. सगळ्या बाटल्या आयरिश व्हिस्कीच्या, आणि एकीवरही ती कधी भरली ते साल नाही. लेबलांवर 7 वर्षं, 10 वर्षं, 12 वर्षं असे आकडे दिसतात. पण तेवढा काळ व्हिस्की लाकडी पिंपात मुरली, एवढंच ते सांगतात. काचेत शिरली की तिचं मुरणं थांबतं. 7 वर्षांची व्हिस्की पुढे 60 वर्षं बाटलीत पडून राहिली, तरी ती 7 वर्षांचीच. बाटली कुठल्या काळातली, हे मग काच, बूच आणि कागद पाहूनच काढावं लागतं.

(बाटलीच्या कडेवरून वर सरकणारं बोट. उजेडात चमकणारी सांध्याची रेघ.)

आधी काच. साच्याच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा बाटलीच्या अंगावर रेघ ठेवून जातो. ही रेघ मानेपाशीच विरली असेल, तर तोंड कारागिरानं हातानं घडवलेलं आहे. रेघ थेट ओठावरून पलीकडे गेली असेल, तर बाटली यंत्राची. अमेरिकेत मायकेल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र 1903 च्या सुमारास आलं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत हातानं केलेल्या बाटल्या मागे पडल्या. तरी एकट्या काचेवर विसंबू नये. जुन्या बाटल्या धुऊन पुन्हा भरायची रीत होती. त्यामुळे काच जुनी आणि आतली व्हिस्की नंतरची, असं सर्रास सापडतं.

(बुचांचे क्लोजअप, एकामागून एक.)

बुचाकडे बघा. पूर्ण आत ठोकलेलं, कॉर्कस्क्रूशिवाय न निघणारं बूच सगळ्यांत जुनं. हातानं उपसता येणारं, डोकं असलेलं बूच 1913 मध्ये स्कॉटलंडच्या टीचर्स या व्हिस्की कंपनीनं आणलं. फिरकीचं झाकण व्हाइट हॉर्स या दुसऱ्या स्कॉच कंपनीनं 1926 मध्ये. आणि समोर हे जे धातूचं, चाप दाबून बसवलेलं वेगळं झाकण आहे, त्याला संग्राहक स्प्रिंग कॅप म्हणतात. ते साधारण 1930 ते 1960 च्या दशकांतलं. आणि बुचावरचं वेष्टन शिशाचं असेल, तर बाटली बहुधा 1993 च्या आधीची. त्या वर्षी युरोपात शिशाच्या वेष्टनावर बंदी आली.

(अमेरिकेतून परत आलेली बाटली. काचेवर उठावाची अक्षरं.)

ही बाटली अमेरिकेला जाऊन आली आहे. ती पुन्हा विकायला किंवा वापरायला केंद्रीय कायद्यानं मनाई आहे, असं काचेतच उमटवलेलं आहे. दारूबंदी उठल्यावर 1935 पासून 1964 पर्यंत तिथल्या बाटल्यांवर हे वाक्य सक्तीचं होतं. तोंडावरची कराची कागदी पट्टी 1985 मध्ये संपली. गरोदर स्त्रियांसाठीचा इशारा नोव्हेंबर 1989 पासून आला. अमेरिकेतल्या बाटल्यांचा काळ काढणं त्यामानानं सोपं जातं, कारण सरकारनंच खुणा करून ठेवल्या आहेत.

(लेबलाच्या तळाची बारीक अक्षरं. कॅमेरा इथे थांबतो.)

पण घरच्या, आयर्लंडमधल्या बाटलीसाठी नजर लेबलाच्या अगदी तळाला न्यायला हवी. वर ठळक अक्षरांत डिस्टिलरीचं, म्हणजे व्हिस्की गाळणाऱ्या कारखान्याचं नाव, आणि खाली, बारीक अक्षरांत, ही बाटली कोणी भरली त्याचं नाव. बहुतेक लोक वरचं नाव वाचून थांबतात. खालची ओळ वाचायला हवी.

विसाव्या शतकात बराच काळ डब्लिनच्या मोठ्या डिस्टिलऱ्या व्हिस्की पिंपानं विकत. ती घेत गावोगावचे किराणावाले, वाइनचे व्यापारी, पबचे मालक. यांना बॉन्डर म्हणत. बॉन्ड म्हणजे कर भरण्याआधी माल ठेवायची वखार, तिच्या कुलपाची एक किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे. तिथे पिंपं वर्षानुवर्षं मुरायची. व्हिस्की कधी काढायची, कुठल्या पिंपातली कुठल्या पिंपात मिसळायची, हे दुकानदार ठरवायचा. बाटलीही तोच भरायचा आणि लेबलही तोच डकवायचा. डिस्टिलरी तीच, पण दोन गावांतल्या दोन दुकानांची व्हिस्की चवीला वेगळी. हे कसब दुकानदाराचं होतं, आणि व्हिस्कीच्या इतिहासात त्याला फार थोडी जागा मिळाली आहे.

(मिचेल अँड सनच्या बाटल्या. लेबलांवरचे रंगीत ठिपके.)

डब्लिनचे मिचेल अँड सन 1805 पासूनचे. सुरुवात ग्राफ्टन स्ट्रीटवर मिठाई आणि बेकरीनं, मग वाइन. वाइनची रिकामी झालेली पिंपं ते बो स्ट्रीटवर जेमसनच्या डिस्टिलरीकडे पाठवत, तिथे ताजी व्हिस्की भरून घेत आणि पिंपं आपल्या तळघरात ठेवत. किती वर्षं मुरवायचं ते कळावं म्हणून पिंपावर रंगाचा ठिपका असे. निळा 7 वर्षांना, हिरवा 10, पिवळा 12, लाल 15. ग्रीन स्पॉट हे नाव तिथून आलं. गिल्बी या दुसऱ्या वाइन व्यापाऱ्यांनी आपल्या व्हिस्कीला रेडब्रेस्ट हे नाव 1912 मध्ये दिलं. व्हिस्की दोन्हीकडे जेमसनचीच.

(पॉवर्सची सोनेरी आणि पांढरी लेबलं शेजारी शेजारी.)

डब्लिनच्याच पॉवर्स डिस्टिलरीच्या बाबतीत तर रंगच पुरेसा आहे. सोनेरी लेबल म्हणजे बाटली खुद्द डिस्टिलरीत भरलेली, पांढरं म्हणजे बॉन्डरनं.

(टॉमस स्ट्रीट. कला महाविद्यालयाच्या आवारातल्या तांब्याच्या भट्ट्या. मग सेंट पॅट्रिक्स टॉवर.)

1791 मध्ये सुरू झालेल्या पॉवर्सच्या या तीन भट्ट्या. आज इथे कला महाविद्यालय आहे. जवळच रो यांच्या डिस्टिलरीच्या पवनचक्कीचा बुरूज उभा आहे. 1966 मध्ये जेमसन, पॉवर्स आणि कॉर्क डिस्टिलरीज एकत्र येऊन आयरिश डिस्टिलर्स ही कंपनी झाली. लेबलावर हे नाव असेल तर बाटली त्यानंतरची, यात शंका नाही. पत्ता मात्र फसवतो. बो स्ट्रीट 1971 मध्ये बंद झालं, लेबलावर त्याचं नाव राहिलं. 1975 पासून काम कॉर्कजवळच्या मिडलटनला गेलं. जेमसननं बॉन्डरांना पिंपं देणं थांबवायचं 1968 मध्ये ठरवलं आणि पुढच्या काळात बॉन्डरांचा हा धंदा, त्यांची तळघरं, त्यांची चव जवळजवळ संपली. 1978 मध्ये उत्तर आयर्लंडमधली कोलरेन डिस्टिलरीही थांबली. साऱ्या बेटावर दोनच डिस्टिलऱ्या उरल्या.

(बाटलीच्या लेबलावरचे आकडे: प्रूफ, औंस, टक्के.)

आकडे बघताना एवढं लक्षात ठेवा. प्रूफ हे मद्यार्काचं प्रमाण सांगायचं जुनं माप; 70 डिग्री प्रूफ म्हणजे आजचे 40 टक्के. नुसतं प्रूफ लिहिलेली बाटली साधारण 1980 च्या आधीची. औंसातलं माप त्याहून मागचं, मग 75 सेंटिलिटर, आणि 1990 च्या आसपास 70. किमतीची चिठ्ठी शिलिंगमध्ये असेल तर फेब्रुवारी 1971 च्या आधीची, कारण तेव्हा दशमान नाणी आली.

(पाण्याचं भांडं. ओलं फडकं. बाटली अजून कोरडी.)

कृपा करून जुनी बाटली धुऊ नका. लेबल भिजवून सोडवू नका. काच हजारो सापडतील, पण त्या गावातल्या त्या दुकानाचा हा कागद कदाचित हा एकच असेल. हात लावण्याआधी तळ, खांदा, बूच आणि लेबलाची शेवटची ओळ, या चारांचे फोटो काढा. खोट्या बाटल्याही बाजारात आहेत. स्कॉटलंडमध्ये 2018 मध्ये 55 दुर्मिळ बाटल्यांची कार्बन चाचणी झाली, त्यांतल्या 21 खोट्या किंवा लेबलावरच्या सालाशी न जुळणाऱ्या निघाल्या.

(शेवटची बाटली. कॅमेरा हळूहळू खाली येतो.)

आता ही बाटली घ्या. सांधा ओठावरून गेलेला, म्हणजे यंत्राची. स्प्रिंग कॅप. 70 डिग्री प्रूफ, औंसातलं माप. देशाचं नाव 'एअरे', म्हणजे 1937 च्या राज्यघटनेनंतरची. आयरिश डिस्टिलर्स कुठेच नाही. वर जेमसन, आणि तळाशी डब्लिनमधल्या एका किराणा दुकानाचं नाव, पुढे 'अँड सन'. म्हणजे 1937 ते साधारण 1968. एवढा पट्टा काच, बूच आणि आकड्यांनी दिला. पुढचं उत्तर थॉमच्या डिरेक्टरीत आहे. 1844 पासून निघू लागलेल्या या वार्षिक सूचीत डब्लिनचे रस्ते घर क्रमांकानुसार दिलेले असत. त्या पत्त्यावर दुकान कोणत्या वर्षी दिसू लागलं, 'अँड सन' कधी जोडलं गेलं आणि नाव कधी गळलं, हे वर्षावर्षानं उलटत गेलं की बाटली कुठल्या काही वर्षांतली ते हाती येतं.