खडकात राहून गेलेली भांडी

श्रोतेहो, राम राम.

खान्देशात दगडाची खदान कुणाला नवी नाही. काळा पत्थर, सुरुंग, क्रशरची धूळ, खडीचे डंपर. आज ज्या खदानीविषयी बोलणार आहे, तिथली हत्यारं मात्र हातातली, आणि दगड असा मऊ की नखानं ओरखडा उठावा.

स्कॉटलंडच्या उत्तरेला भर समुद्रात शेटलंडची बेटं आहेत. लहानमोठी शंभरावर, पण वस्ती सोळाएक बेटांवरच. झाडं नावापुरती, वारा बारमाही. त्यातल्या सर्वांत मोठ्या बेटाच्या दक्षिण अंगाला, कनिंग्सबर्गजवळ, कॅटपंड नावाचा ओहोळ वाहतो. त्याच्या काठचा खडक शंखजिऱ्याचा, म्हणजे त्याच मऊ दगडाचा.

हजारएक वर्षांपूर्वी नॉर्वेकडून येऊन इथे वसलेल्या लोकांनी या खडकातून भांडी काढली. अशा खाणी त्यांच्या मूळ देशातही होत्या, त्यामुळे हात बसलेला होता. आधी खडकावर भांड्याचा घेर धरायचा, भोवती चर पाडायची आणि पालथ्या पातेल्यासारखा बाहेरचा आकार जागेवरच घडवायचा. मग तळाशी घाव घालून तो गोळा सुटा करायचा. आतून कोरायचं ते त्यानंतर. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. सुटताना गोळा तडकलाच, तर कोरण्याची मेहनत तरी वाचली!

काही गोळे सुटलेच नाहीत. ते आजही खडकाला चिकटून आहेत. शेजारी सुटून गेलेल्यांचे खळगे, आणि त्यांवर हत्याराचे घाव. आपल्याकडे पाट्याला टाकी लावून घेतली की कशा एकाआड एक खुणा उमटतात, तशाच.

एवढा खटाटोप कशासाठी? लाकूड दुर्मिळ, आणि हा दगड आगीवर टिकतो, ऊब बराच वेळ धरून ठेवतो. शेटलंडच्या जुन्या घरांत याची गोल भांडी मिळाली, चौकोनीही मिळाली. शिवाय दिवे, सूतकताईच्या चात्या, मागाची वजनं. दक्षिण टोकाला जार्ल्सहॉफ इथल्या उत्खननात तर या दगडाच्या वस्तू भरपूर निघाल्या. भांडं फुटलं तरी तुकडा वाया जात नसे. भोक पाडलं की तो गळाचं नाहीतर जाळ्याचं वजन होई.

संग्रहालयातलं गुळगुळीत भांडं बघून आपण 'वा' म्हणतो, पण कारागीर कुठे थांबला, त्याचा घाव कुठे चुकला, हे खदानीतच कळतं. म्हणून मला अर्धवट राहिलेला नगच जास्त मोलाचा वाटतो.

आता आपल्या चाळीसगाव तालुक्यात या. पाटणादेवीला दर्शनाला जाणारे पुष्कळ. त्याच परिसरातल्या पाटणे इथे १९७२-७३ मध्ये डॉ. शां. अ. साळी यांनी उत्खनन केलं. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेला कवचाचा तुकडा निघाला, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. चर्चा झाली ती याचीच, आणि व्हायलाही हवी होती. पण तिथे जास्पर आणि कॅल्सेडनीची हत्यारंही होती. आपल्या बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या पत्थराच्या, पोकळ्यांत हे असले गारगोटीसारखे दगड तयार होतात.

असं हत्यार घडवताना मूळ दगडावरून एकेक छिलका उडतो आणि मागे गाभा उरतो. गाभ्यावर प्रत्येक छिलक्याची खोलगट जागा राहते. नंतरचा घाव आधीच्या घावाची कड कापतो, त्यामुळे कुठला छिलका आधी उडाला, कुठला मागून, हे हातात गाभा फिरवत जाणकाराला सांगता येतं.