घरचा कॉम्प्युटर, हातातला फोन

श्रोतेहो, नमस्कार.

काही महिन्यांपूर्वी आत्याला तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या वेळी क्रिएटिनिन किती होतं?" आत्याचे सगळे जुने रिपोर्ट मी स्कॅन करून घरच्या कॉम्प्युटरवर ठेवलेले आहेत, तारीखवार. तो कॉम्प्युटर बाहेरून चालवण्याचं अ‍ॅपही आदल्याच आठवड्यात फोनवर घेतलं होतं, घरी बसून दोनदा करूनही पाहिलं होतं. मोठ्या विश्वासानं ते उघडलं, तर कॉम्प्युटरच्या नावासमोर एकच शब्द, ऑफलाइन. घरी कोणी नव्हतं. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती आणि शेवटी ती तपासणी पुन्हा करावी लागली.

बिघाड कसलाच नव्हता. अर्धा तास कोणी हात लावला नाही म्हणून कॉम्प्युटर स्लीपमध्ये गेला होता, आणि झोपलेल्या कॉम्प्युटरपर्यंत फोनची हाक पोचत नाही. त्या दिवसापासून विचारेल त्याला मी हेच सांगतो, की फोनवरचं काम पाच मिनिटांचं आहे. खरी तयारी घराच्या टोकाला करायची असते, आणि ती घराबाहेर पडण्याआधी.

मुळात घडतं काय, ते आधी सांगतो. फोन ही फक्त खिडकी. फाइल उघडणं, हिशेब करणं, छपाईला देणं, सगळं काम घरचा कॉम्प्युटरच करतो. त्याच्या पडद्याचं चित्र फोनवर येत राहतं आणि तुमच्या बोटांच्या हालचाली उलट दिशेनं कॉम्प्युटरकडे जातात. म्हणून फोन जुना असला तरी चालतं, इंटरनेट मात्र दोन्हीकडे धड हवं.

विंडोजमध्ये यासाठी रिमोट डेस्कटॉप ही सोय आहे, पण ती प्रो आवृत्तीत. घरच्या बहुतेक कॉम्प्युटरवर होम आवृत्ती असते. तिच्यावरून दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये जाता येतं, तिच्यात मात्र या सोयीनं बाहेरून शिरता येत नाही. कितीतरी जण इथेच अडतात आणि आपलंच काही चुकलं असं समजतात. त्यांच्यासाठी क्रोम रिमोट डेस्कटॉप हा सोपा आणि फुकट मार्ग आहे. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. कॉम्प्युटरवर क्रोम ब्राउझर उघडायचा, आपल्या गूगल खात्यानं साइन इन करायचं आणि पत्ता टाकायचा, रिमोटडेस्कटॉप डॉट गूगल डॉट कॉम, स्लॅश, अ‍ॅक्सेस. तिथून एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा, कॉम्प्युटरला नाव द्यायचं आणि किमान सहा आकड्यांचा पिन ठरवायचा. जन्मतारीख नको, एक-दोन-तीन-चार नको. मग फोनवर त्याचं अ‍ॅप घ्या किंवा फोनच्या ब्राउझरमध्ये तोच पत्ता उघडा. खातं तेच हवं. कॉम्प्युटरचं नाव दिसेल, त्यावर बोट ठेवायचं, पिन द्यायचा, झालं. मॅक असेल तर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंग आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी अशा दोन परवानग्या द्याव्या लागतात. पहिली राहिली तर चित्र दिसत नाही आणि दुसरी राहिली तर क्लिक लागत नाही.

आता ज्यानं मला दवाखान्यात अडवलं ते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात पॉवर. तिथे कॉम्प्युटर विजेवर असताना स्लीप कधीच नको, म्हणजे 'नेव्हर', असं निवडा. पडदा बंद झाला तरी चालेल, तेवढीच वीज वाचते. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर तो काय करतो तेही बघा, कारण बहुतेक लॅपटॉप झाकण मिटताच झोपतात. वीज गेली तर? डेस्कटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप चालू हो, अशी सोय बहुधा असते, ती चालू करून ठेवा.

झोपलेल्या कॉम्प्युटरला उठवण्याचीही एक युक्ती आहे, वेक ऑन लॅन. तिची रचना मला फार आवडते. नेटवर्कवरून एक छोटा संदेश सोडायचा, त्याला मॅजिक पॅकेट म्हणतात. आधी 6 बाइट ठरलेली खूण, मग त्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता तब्बल 16 वेळा, एकूण 102 बाइट. बाकी सगळं झोपलेलं असताना कार्ड तेवढं कान देऊन असतं, आपलं नाव ओळखतं आणि मशीन जागं करतं. पण यासाठी कॉम्प्युटर बहुधा केबलनं राउटरला जोडलेला लागतो, आणि हा संदेश साधारणपणे घरच्या नेटवर्कपुरताच फिरतो. बाहेरून तो सोडायचा तर घरात दुसरं एखादं उपकरण जागं लागतं. एवढा खटाटोप नको असेल तर स्लीप बंद ठेवणंच बरं.

आणि चाचणी घरच्या वायफायवर घेऊ नका. माझी चूक तिथेच झाली होती. कॉम्प्युटर समोर जागा, फोन त्याच राउटरवर, मग अडचण दिसणार कुठून? फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा, बाहेर चक्कर मारा, तासाभरानं जोडून बघा. बोटांनाही सवय लागते. टचपॅडची पद्धत निवडलीत तर पडद्यावर कुठेही बोट सरकवून बाण हलवता येतो आणि बारीक बटणांवर नेम धरणं सोपं जातं. एखादी फाइल शोधून उघडून बघा, दोन ओळी टाइप करून बघा. काही वेळा फोनच्या कीबोर्डवरची देवनागरी पलीकडे नीट उमटत नाही, ते घाईच्या वेळी कळण्यापेक्षा आधी कळलेलं चांगलं.

पण श्रोतेहो, तुम्हाला आत येता येतं त्या दारानं दुसराही येऊ शकतो. काही जण राउटरमध्ये पोर्ट 3389, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं ठरलेलं दार, उघडून विंडोजचा रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर ठेवतात. कृपा करून हे करू नका. 2019च्या मे महिन्यात या सोयीत एक इतकी गंभीर त्रुटी सापडली, की मायक्रोसॉफ्टनं 2014मध्ये आधार थांबवलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. पासवर्ड नसतानाही बाहेरच्याला आत शिरता येईल अशी ती त्रुटी होती. रिमोट डेस्कटॉपच वापरायचा असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे घरापर्यंतच्या खाजगी, कुलूपबंद वाटेनं, वापरा. गूगल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, कारण आता ते खातं म्हणजे घराची किल्ली आहे. फोनला लॉक हवंच. फोन हरवला तर दुसऱ्या उपकरणावरून खात्यात जाऊन त्या फोनला आधी साइन आउट करा, आणि पासवर्ड आणि पिन दोन्ही बदला.

आणखी एक, आणि हे घरातल्या वडीलधाऱ्यांना मुद्दाम सांगा. बँकेतून बोलतोय, कंपनीतून बोलतोय, असं म्हणत कोणी असं अ‍ॅप घ्यायला लावलं आणि त्यात दिसणारा नऊ-दहा आकडी नंबर मागितला, तर तो आपल्याच पडद्याचा ताबा मागतो आहे. फोन ठेवून द्या. आपण होऊन आपलं दार उघडणं वेगळं आणि अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून उघडणं वेगळं.

आत्याला मागच्या आठवड्यात पुन्हा नेलं. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. मी पिन दिला, फोल्डर उघडला, रिपोर्ट पडद्यावर आला. दोन बोटांनी आकडा मोठा करून फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मागचा रिपोर्ट मागितला, मग त्याच्याही मागचा. तिन्ही आकडे त्यांनी कागदावर एकाखाली एक लिहून घेतले आणि आत्याला म्हणाले, "औषध बदलायची गरज नाही." मी घरचा कॉम्प्युटर तिथूनच लॉक केला, जोडणी तोडली आणि फोन खिशात ठेवला.

नमस्कार.