चौरस फुटाला किती?

मंडळी, नमस्कार.

आज समोर दोन प्रकारचे श्रोते दिसताहेत. इथे इंदुरात राऊकडे किंवा सुपर कॉरिडॉरच्या बाजूला कधीकाळी प्लॉट घेऊन ठेवला आणि आता निवृत्तीचा पैसा हाती आल्यावर घर बांधायला निघालेत, असे काका-काकू आहेत. आणि सिव्हिलचा डिप्लोमा करून, कुणा ठेकेदाराच्या हाताखाली साइट सांभाळून, आता स्वतःच्या नावावर काम घ्यावं असं मनात असलेली मुलं आहेत. या दोघांची गाठ पडते तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चौरस फुटाला किती?" मुलगा एक आकडा सांगतो, काका शेजाऱ्याला दुसऱ्या कुणी सांगितलेला आकडा पुढे करतात, आणि कुठेतरी मध्ये सौदा ठरतो. माझं आजचं सगळं बोलणं या प्रश्नाविरुद्ध आहे. लहान घर आणि लहान ठेकेदार, या दोघांचं सर्वांत जास्त नुकसान याच प्रश्नानं होतं, असं माझं ठाम मत आहे.

हिशेबच करून पाहू. इंदुरात १५ बाय ५० आणि ३० बाय ५० हे दोन्ही प्लॉट आपल्या ओळखीचे. समजायला सोपं जावं म्हणून मोकळी जागा सोडायचा नियम क्षणभर बाजूला ठेवा आणि पूर्ण प्लॉटवर बांधकाम धरा. पहिलं घर ७५० चौरस फूट, दुसरं १५००. आता बाहेरच्या भिंतींची लांबी काढा. पहिल्याची १३० फूट, दुसऱ्याची १६०. क्षेत्रफळ निम्म्यावर आलं, भिंत मात्र अवघी ३० फुटांनी कमी झाली. जिना दोन्हींकडे एकच, ओटा एकच, गच्चीवरची टाकी एकच, निदान एक संडास-बाथरूम तरी दोन्हींना लागणारच. म्हणजे लहान घराला चौरस फुटामागे खर्च जास्त येतो, हे उघड आहे. तरीही बाजारात दोन्ही घरांना एकच भाव सांगितला जातो. हा फरक मग कुठून भरून निघतो? सिमेंटच्या गोणीतून, सळईच्या वजनातून, नाहीतर त्या नव्या ठेकेदाराच्या स्वतःच्या खिशातून. चौथा मार्ग मला तरी माहीत नाही.

हे झालं जमिनीच्या वरचं. खालचं प्रकरण याहून गंभीर आहे, आणि माळव्यात राहून ते टाळता येत नाही. 'मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर' ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. शेतकऱ्याच्या बाजूनं ती अगदी खरी. पण जी काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून गहू पिकवते, तीच माती पाणी धरते म्हणून घर हलवते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पावसाळ्यात ते पाणी शोषून फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत पाया उथळ ठेवला, तर घर दरवर्षी थोडं वर उचललं जातं आणि थोडं खाली बसतं, आणि तेही चारही कोपऱ्यांत सारखं नाही. जुलैत दार चौकटीत अडकायला लागलं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली, की आपण रंगाऱ्याला बोलावतो. त्या भेगेचं कारण जमिनीखाली असतं.

या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड आहे. पण किती खाली? एका कॉलनीत तीन-चार फुटांवर मुरूम लागतो, दुसरीकडे आठ फूट खणलं तरी काळी मातीच. समजा, घराला बारा कॉलम आहेत आणि प्रत्येक खड्डा चार बाय चार फुटांचा आहे. पाच फूट खोल गेलं तर ९६० घनफूट खोदाई होते, आठ फूट गेलं तर १५३६. कॉलमची लांबी वाढते, काँक्रीट वाढतं, सळई वाढते, पुन्हा भरायचा मुरूम वाढतो. घराचं क्षेत्रफळ मात्र तेवढंच राहतं! चौरस फुटाच्या भावात ही तीन फूट माती कुठेच दिसत नाही. म्हणून ठेकेदार पाच फुटांवर थांबतो, आणि मालकाला ते कळायचं कारण नसतं, कारण संध्याकाळपर्यंत खड्डा बुजलेला असतो.

म्हणून काकांना माझी विनंती आहे: भाव विचारायच्या आधी प्लॉटवर एक खड्डा खणून घ्या. जेसीबीवाल्याला त्याचे पैसे वेगळे द्या, आणि तो खड्डा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. मुरूम फारच खाली असेल तर अंडर-रीम्ड पाइल हा उपाय आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठीच तो पुढे आणला. खाली फुगा असलेला हा खांब साधारण साडेतीन मीटर खोल जातो, म्हणजे ऋतूप्रमाणे ओल जिथे कमी-जास्त होते त्या थराच्या खाली. तो घ्यायचा की नाही ते इंजिनिअर ठरवेल. पण एक गोष्ट तुम्ही स्वतः उभं राहून पाहायला हवी: खड्ड्यातून निघालेली काळी माती परत जोत्यात भरली जाता कामा नये. वाहतूक वाचते म्हणून ती तिथेच ढकलायचा मोह प्रत्येकाला होतो. जोत्यात मुरूमच हवा, थर देऊन, पाणी मारून, धुम्मस करून. आणि घराभोवती फरसबंदीचा पट्टा करा, म्हणजे गच्चीचं पाणी पायाशी मुरणार नाही.

मग भाव ठरवायचा कसा? कामावार. खोदाई घनफुटावर, काँक्रीट आणि वीटकामही घनफुटावर, गिलावा चौरस फुटावर, सळई किलोवर. यात नवं काहीच नाही, सरकारी कामं अशीच होतात. मध्य प्रदेशच्या लोकनिर्माण विभागाचं दरपत्रक, ज्याला सगळे एसओआर म्हणतात, ते मुलांनी जवळ ठेवावं. त्यातले दर जसेच्या तसे खासगी कामाला लागू होत नाहीत, पण प्रत्येक कामाचं वर्णन कसं लिहायचं हे त्यातून शिकता येतं. 'वीटकाम' एवढंच लिहिणं आणि 'एकास सहा मसाल्यात, विटा भिजवून, जोत्याच्या वर' असं लिहिणं, यात पुढच्या भांडणाचा फरक आहे.

मोजमापाचा नियमही आधीच लिहून घ्यावा. गिलाव्याच्या बिलावरून जितकी कटुता येते तितकी दुसऱ्या कशावरून येत नाही. मालक म्हणतो, दारा-खिडक्यांची जागा वजा करा. मिस्त्री म्हणतो, कडांची मेहनत कोण देणार? याचं उत्तर भारतीय मानक १२०० मध्ये दिलेलं आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करायची नाही. अर्धा ते तीन चौरस मीटर असेल तर एकाच बाजूची वजा करायची आणि कडांचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. त्याहून मोठी असेल तर दोन्ही बाजूंची वजा करायची आणि कडा मोजायच्या. तीन बाय सात फुटांचं नेहमीचं दार मधल्या गटात येतं. एवढी तीन वाक्यं करारात घाला, पुढचं सगळं शांतपणे होतं.

पाणी कुणाचं, हेही लिहा. नर्मदेचं पाणी १९७८ साली इंदूरला आलं, पण नव्या कॉलन्यांत अजून बोअर आणि टँकरवरच बांधकाम चालतं. एप्रिल-मेमध्ये टँकरचे पैसे कुणी द्यायचे हे ठरलेलं नसेल, तर कपात काँक्रीटला प्यायला मिळणाऱ्या पाण्यातच होते. साधं सिमेंट असेल तर किमान सात दिवस आणि मिश्र, म्हणजे राख वगैरे मिसळलेलं सिमेंट असेल तर किमान दहा दिवस काँक्रीट ओलं राहायला हवं, असं मानक ४५६ सांगतं. आज दुकानात मिळणारी बहुतेक गोणी मिश्र सिमेंटचीच, म्हणजे पीपीसी असते, तेव्हा दहा दिवस धरूनच चला. स्लॅबवर मसाल्याचे बांध घालून पाणी साठवून ठेवणं हा जुना मार्ग आजही सर्वांत चांगला. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांत तेवढं अंतर असलेल्या स्लॅबचे टेकू चौदा दिवसांआधी काढायचे नाहीत. सेंट्रिंगवाल्याला सामान पुढच्या साइटवर न्यायची घाई असते. त्याला ही तारीख स्लॅबच्या दिवशीच सांगून ठेवा.

आता मुलांकडे वळतो. पहिलं काम कुठून मिळेल, हा तुमचा खरा प्रश्न आहे. माझं सांगणं असं की, अख्खं घर मिळायची वाट पाहू नका. सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर या भागांत जुनी घरं भरपूर आहेत. त्यांना गच्चीची गळती आहे, ओल आलेला गिलावा आहे, खचलेली बाथरूमची फरशी आहे. मोठा ठेकेदार त्या कामांकडे फिरकत नाही. होळीनंतर पावसाआधीचे जे महिने असतात, त्यात ही कामं शोधावी लागत नाहीत, विचारत गेलं की मिळतात. दुरुस्तीच्या कामात भांडवल थोडं लागतं, पैसा लवकर फिरतो, आणि दुसऱ्यानं केलेलं बांधकाम कुठे कमजोर पडलं हे उघडून पाहायला मिळतं. पुस्तकातून हे शिक्षण मिळत नाही.

पहिलं घर मिळालं की ते मजुरीच्या ठेक्यावर घ्या, माल मालकाला आणू द्या. मालासकट घेतलं की तुमचा पैसा वाळू-गिट्टीत अडकतो, आणि मालकानं एक हप्ता लांबवला की मजुरांच्या आठवड्याच्या चुकाऱ्याला हात रिकामा राहतो. मालासकट काम करायला लागाल तेव्हा जीएसटीचा विचार सुरुवातीपासून करा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी सक्तीची आहे, आणि मालासकट घेतलेल्या एक-दोन घरांतच तो आकडा गाठला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आलेला आहे, त्यामुळे जुन्या कोटेशनची नक्कल करून नवं देऊ नका. मालकही वर्तमानपत्र वाचतो.

आणि मजूर. इंदूरची घरं झाबुआ, अलीराजपूर, धार, खरगोन या भागांतून आलेल्या भिल्ल-भिलाला कुटुंबांच्या हातांनी उभी राहतात. नवरा-बायको दोघं साइटवर राबतात आणि मूल वाळूच्या ढिगाजवळ झोपलेलं असतं, हे आपण रोज पाहतो आणि पुढे जातो. मला हे टोचतं. होळीच्या आधीच्या आठवड्यात त्यांचा भगोरिया मेळा भरतो, तेव्हा ही माणसं गावी जाणारच. त्या आठवड्यात स्लॅब ठेवून मग "लेबर पळालं" म्हणणं अन्यायाचं आहे. तारीख तुम्ही आधीच पाहा, चुकारा त्याच्या आधी पूर्ण करा. चुकारा पूर्ण मिळालेलं कुटुंब सणानंतर तुमच्याच साइटवर परत येतं, आणि येताना गावातला आणखी एखादा चांगला कारागीर घेऊन येतं. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा केंद्रीय कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रम संहितांनी घेतली आहे. १८ ते ६० वयाच्या ज्या मजुरानं मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलंय, त्याची कल्याण मंडळात नोंद होऊ शकते. ९० दिवसांच्या दाखल्यावर ठेकेदाराची सही उपयोगी पडते. ती द्यायला टाळाटाळ करू नका. त्या सहीला एक पैसा लागत नाही.

शेवटचा मुद्दा घर टप्प्याटप्प्यानं बांधण्याचा. आपल्या शहरातली अरण्य वसाहत जगभरचे वास्तुशास्त्राचे विद्यार्थी पाहायला येतात. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी ती १९८० च्या दशकात आखली आणि १९९५ मध्ये तिला आगाखान पुरस्कार मिळाला. सर्वांत लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचा. गरीब कुटुंबाला जोतं, न्हाणी-संडास आणि पाण्या-मैल्याची जोडणी तयार करून दिली. पुढच्या खोल्या कुटुंबानं ऐपतीप्रमाणे, स्थानिक गवंडी लावून बांधायच्या. मला यातली हीच गोष्ट मोलाची वाटते: जमिनीखालचं सगळं पहिल्याच दिवशी पक्कं, वरचं सावकाश.

काकांनी पैसा कमी पडत असेल तर असंच करावं. पाया पुढच्या मजल्याच्या हिशेबानं घाला, वरचा मजला नंतर. कॉलमच्या उघड्या सळया गच्चीवर वर्षानुवर्षं गंजत ठेवू नका, त्यांना सिमेंटचा पातळ लेप देऊन वर कमी सिमेंटच्या काँक्रीटची टोपी घाला. ती फोडून सळई पुन्हा मोकळी करता येते. आणि मुलांनो, पायाच्या प्रत्येक खड्ड्याचा टेप लावून फोटो काढा, ड्रेनेजच्या पाइपचा माती टाकायच्या आधी काढा, सळईचं चित्र जोडा, आणि त्या फाइलची एक प्रत मालकाला देऊन दुसरी तुमच्याकडे ठेवा. वरचा मजला चढवायला पुढे जो कुणी येईल, त्याला ही फाइल लागेल.

ज्यांनी नकाशे आणलेत त्यांनी पुढे यावं. प्रत्येकाचा नकाशा पाहू.