ट्यूब अ‍ॅम्प अचानक गप्प झाला? नव्या ट्यूब्स मागवण्याआधी हे करा

मंडळी, गिटार वाजवता वाजवता ट्यूब अ‍ॅम्प बंद पडला, तर पहिली गोष्ट: वाजवणं थांबवा आणि स्टँडबाय (हाय व्होल्टेज तोडणारा स्विच) दाबा. व्हॉल्यूम पिळून बघायचा मोह होतो, तो आवरा.

का? कारण स्पीकरची वायर निसटली असेल, तर तुम्ही लोडशिवाय अ‍ॅम्प चालवताय. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्यूब्स आणि स्पीकर यांच्या मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. पलीकडे स्पीकर नसला की ट्रान्सफॉर्मरमधली ऊर्जा जाणार कुठे? ती प्रचंड व्होल्टेज होऊन उलटी फिरते. मग ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी उडते, नाहीतर ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन जळतं. अ‍ॅम्पमधल्या सगळ्यात महागड्या भागांपैकी हा एक. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पची सवय असलेले इथे फसतात, कारण तो स्पीकरशिवाय सहसा निभावून नेतो. त्याला भीती शॉर्टची.

तेव्हा आधी अ‍ॅम्प बंद करून स्पीकर जॅक नीट बसलाय का ते बघा. आणि तिथे गिटारची केबल लावलेली असेल तर ती आत्ताच काढा. प्लग सारखे दिसतात, पण आतली तार बारीक असते. तिथे स्पीकर केबलच हवी.

आता व्हॉल्यूम कमी ठेवून अ‍ॅम्प चालू करा, गरम होऊ द्या, आणि काही न वाजवता स्पीकरजवळ कान न्या.

[थोडं थांबून]

बारीक सूऽऽ आवाज किंवा हलकी गुणगुण येतेय? मग स्पीकर जिवंत आहे, हाय व्होल्टेज पोचतंय, बिघाड बहुतेक अलीकडे, म्हणजे गिटारच्या बाजूला आहे. काहीच नाही, ठार शांत? मग पलीकडे, म्हणजे हाय व्होल्टेज आणि स्पीकरच्या बाजूला शोधायचं. माझ्या मते या एका प्रश्नाने अर्धं काम होतं, आणि त्याला स्क्रूड्रायव्हरही लागत नाही.

सूऽऽ येतेय असं धरू. सगळे पेडल काढा, गिटार थेट अ‍ॅम्पला. आवाज नाही? इनपुटला लावलेल्या केबलच्या मोकळ्या टोकाला, प्लगच्या टोकावर बोट लावा. घुंऽऽ आलं तर अ‍ॅम्प ठीक आहे, गिटार किंवा पेडल बघा. नाही आलं तर केबल बदलून पुन्हा तेच.

तरीही गप्पच? मग माझा आवडता संशयित: इफेक्ट्स लूप, म्हणजे पेडल मध्येच जोडण्यासाठीचे सेंड आणि रिटर्न हे दोन जॅक. तुम्ही लूप कधीच वापरत नाही ना? म्हणूनच. कित्येक अ‍ॅम्पमध्ये रिटर्न जॅक रिकामा असताना सिग्नल त्या जॅकच्या आतल्या छोट्या पत्र्याच्या पट्टीतून पुढे जातो. वर्षानुवर्षं तिथे प्लग गेला नाही की पट्टीवर गंज आणि धूळ बसते, आणि एके दिवशी रस्ताच बंद. सेंडमधून रिटर्नमध्ये छोटी केबल जोडा. आवाज परत आला? ट्यूब्सना हात लावायची गरज नाही. अ‍ॅम्प बंद करून जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, प्लग दहा-वीस वेळा आत-बाहेर करा.

नाही आला, तर गिटार थेट रिटर्नमध्ये लावा. इथे बारीक, कोरडा आवाज येतो, तो तसाच येणार. आला तर दोष लूपच्या आधी, सिग्नल पहिल्यांदा वाढवणाऱ्या भागात, म्हणजे प्रीअ‍ॅम्पमध्ये. अ‍ॅम्प बंद, ट्यूब्स थंड झाल्या की चांगली असल्याची खात्री असलेली एक १२एएक्स७ (छोटी प्रीअ‍ॅम्प ट्यूब) घ्या आणि एकेका जागी लावून बघा. प्रीअ‍ॅम्प ट्यूब बदलल्यावर बायस (ट्यूबचा स्थिर प्रवाह ठरवणारी सेटिंग) लावावा लागत नाही. रिटर्नमधूनही काही नाही, तर पॉवर ट्यूब्सच्या सगळ्यात जवळची छोटी ट्यूब बघा. ती बहुधा फेज इन्व्हर्टर असते, म्हणजे पॉवर ट्यूब्सना सिग्नल वाटून देणारी. दोनपैकी एक पॉवर ट्यूब मेली तर आवाज दुबळा आणि घरघरता होतो. पूर्ण बंद बहुधा होत नाही. फेज इन्व्हर्टर मेला तर मात्र सगळंच अडतं.

ठार शांततेकडे येऊ. ट्यूब्स उजळल्यात म्हणजे फक्त फिलामेंटला (ट्यूब तापवणाऱ्या तारेला) वीज मिळतेय, साधारण ६.३ व्होल्ट. हाय व्होल्टेजचं त्यावरून काही कळत नाही! बऱ्याच अ‍ॅम्पला त्याचा वेगळा फ्यूज असतो, एचटी फ्यूज. प्लग भिंतीतून काढून तो तपासा. स्पीकर सुटा करून मल्टिमीटरने मोजा: ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. आकडाच येत नसेल तर स्पीकर किंवा त्याची वायर तुटलीय.

फ्यूज उडालेला असेल तर त्याच रेटिंगचा, त्याच प्रकारचा लावा. मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद लावणाऱ्याशी मला वाद घालायचा नाही. पुन्हा उडाला? पॉवर ट्यूब्स काढून एकदाच बघा. टिकला, तर बहुधा एखादी पॉवर ट्यूब शॉर्ट आहे. तरी उडाला, तर रेक्टिफायर, कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मर.

आणि एखाद्या ट्यूबची आतली करडी प्लेट लाल तापताना दिसली, तर ताबडतोब बंद.

इथून पुढे चॅसी उघडावी लागते. आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर तो धरून ठेवू शकतात. ते डिस्चार्ज करून मोजून बघायची सवय नसेल, तर अ‍ॅम्प तंत्रज्ञाकडे न्या. सोबत चिठ्ठी द्या: सूऽऽ आवाज होता की नव्हता, रिटर्नमधून गिटार ऐकू आली का, आणि कोणता फ्यूज उडाला.