तीन म्हणजे ‘दातू’

पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत तीनला म्हणतात ‘तातू’. तिच्याच नात्यातल्या न्यामवेझीत ‘दातू’. पहिल्या ‘त’चा ‘द’ झाला, एवढंच. पण तो ‘द’ कानात राहू द्या, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

न्यामवेझी बोलतात तो टांझानियाचा पश्चिम-मध्य भाग. ताबोरा शहर, त्याच्याभोवती पसरलेली विरळ रानं आणि त्या रानांतला मध. इथला एक माणूस म्न्यामवेझी, अनेक असले की वान्यामवेझी, त्यांची भाषा किन्यामवेझी आणि मुलूख उन्यामवेझी. ही रूपं स्वाहिलीतली, पण ही चाल बहुतेक बांटू भाषांची, म्हणजे स्वाहिली आणि न्यामवेझी ज्या कुळातल्या त्या भाषांची. आपण ‘मुलगा’चं ‘मुलगे’ करतो तेव्हा शब्दाचं शेपूट बदलतं, इथे तोंड बदलतं. ‘म्वेझी’ म्हणजे चंद्र. नवी चंद्रकोर पश्चिमेला दिसते, म्हणून किनाऱ्यावरच्यांनी पश्चिमेकडच्या या लोकांना हे नाव दिलं, असं मानतात.

किनाऱ्याची आणि यांची ओळख झाली ती पायवाटेवर. एकोणिसाव्या शतकात इथले हमाल, त्यांना ‘पगाझी’ म्हणत, तीसेक किलोचं ओझं घेऊन ताबोऱ्याहून बागामोयो बंदरापर्यंत पायी जात. अंतर सुमारे ८०० किलोमीटर. जाताना हस्तिदंत, येताना कापड आणि मणी. सुगी आटोपली की निघायचं आणि पेरणीला घरी यायचं. तांड्यात बायकाही असत. प्रवासवर्णनांत युरोपीय साहेबांची नावं ठळक छापली जातात. ज्यांच्या खांद्यांवरून तो प्रवास झाला, त्यांची नावं शोधावी लागतात. मला हे फार लागतं. याच वाटांवर मिरांबो या न्यामवेझी राजाने जरब बसवली होती. तो १८८४ मध्ये वारला.

आता तो ‘द’. एडमुंड डाल नावाचे जर्मन मिशनरी किन्यामवेझीचा अभ्यास करत होते. त्यांच्या लक्षात आलं की लागोपाठच्या दोन अक्षरांत क, त, प अशी कठोर व्यंजनं आली की पहिलं मृदू होतं. म्हणून ‘तातू’चं ‘दातू’. १९०३ मध्ये त्यांचे गुरू कार्ल माइनहोफ यांनी याला नाव दिलं, ‘डालचा नियम’. केनियातले किकुयू आपल्या भाषेला ‘गिकुयू’ म्हणतात, तेही याच नियमाने.

आणि संस्कृत शिकलेल्यांनी असंच काहीसं घोकलेलं आहे. ‘भू’चं द्वित्व करताना ‘भभूव’ होत नाही, ‘बभूव’ होतं. तिथे दोन महाप्राण शेजारी नकोत, इथे दोन कठोर. एकमेकींचं नावही न ऐकलेल्या दोन भाषांच्या जिभेला एकाच जागी अडखळायला झालं आणि दोघींनीही वाट काढली ती पहिलं अक्षर हलकं करून.

टांझानियात प्राथमिक शाळेची भाषा स्वाहिली. तिथे फळ्यावर तीनचा आकडा आला की ताबोऱ्याची पोरं ‘तातू’ म्हणतात. घरी आजी मोजायला बसली, की ‘दातू’.