शेवटचा लाल दिवा

(पडदा काळा. लांबवर एक लाल ठिपका लुकलुकतो. सायकलच्या चेनचा आवाज.)

पहाटेचे सव्वापाच. जानेवारीतला दुसरा रविवार, संक्रांत तीन दिवसांवर. सारसबागेसमोर एकेक सायकल येऊन थांबतेय. बोलताना तोंडातून वाफ निघतेय, आणि हातमोजे काढायला कुणी तयार नाही, त्यामुळे मान हलवूनच रामराम होतोय.

मोजणी होते. 23.

तेविसावी मुलगी आज पहिल्यांदाच आलीय. भावाची जुनी गिअरची सायकल घेऊन. तिच्यामागून स्कूटरवर तिची आईही आलीय. कानाला स्कार्फ, अंगावर शाल. आईंच्या मनात एकच गोष्ट आहे आणि ती त्या तिघाचौघांना विचारून झाल्यात : "अहो, ही मागे राहिली तर?"

उत्तर काका देतात. "सगळ्यांत मागे मी असतो, ताई. माझ्या मागे कुणी राहत नाही."

(काका वाकून सायकलचा मागचा दिवा लावतात. लाल उजेड त्यांच्या बोटांवर.)

ग्रुप राईडला पुढे एक जण असतो, त्याला लीड म्हणतात. मधे दोन-तीन मार्शल, गट सांभाळणारे. आणि सर्वांत शेवटी स्वीप. फोटोत लीड येतो. रस्ता त्याला पाठ असतो, वेग तो ठरवतो. मीही पहिली दोन वर्षं त्याच्याकडेच बघत होतो. आता आठ हिवाळे झाले या मंडळींबरोबर, आणि आता मी मागे वळून बघतो. शेवटचा दिवा दिसतोय ना, एवढंच.

काका 66 वर्षांचे आहेत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. पहिल्या पाळीला ते सायकलनेच जायचे. त्या काळी पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढाच बाहेर पडायचा, असं ते सांगतात. तेव्हा सायकलला डायनॅमो असायचा, टायरला घासून वीज करणारा. वेग असला की दिवा झगझगीत, आणि चढ लागला, पाय मंदावले, की दिवाही मंद. "म्हणजे गरज असायची तेव्हाच अंधार," काका म्हणतात. त्यांच्या वडिलांकडे कार्बाइडचा दिवा होता. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडायचं, त्यातून ॲसिटिलीन वायू निघायचा आणि तो पेटवायचा. बिनदिव्याच्या सायकलवाल्याला पोलीस अडवायचे, हे पुण्यातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. आज सायकल बिनदिव्याची दिसली तर कुणी अडवत नाही. काका मात्र अडवतात. त्यांच्या पाऊचमध्ये दोन जादा लाल दिवे असतात. आज त्यातला एक त्या मुलीच्या सीटखाली लागला.

साडेपाच. निघालो.

(स्वारगेट, मार्केटयार्ड, गंगाधाम चौक. भाजीचे टेम्पो. चहाच्या गाडीवर पेटलेला स्टोव्ह.)

वर्षातला सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरला येऊन जातो. पण पुण्यात सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यावर, सात वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला. म्हणून संक्रांतीच्या आठवड्यातली राईड सर्वांत जास्त अंधारात असते. त्यात हा उसाच्या गाळपाचा हंगाम. उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, तीही एकामागे एक दोन जोडलेल्या, आणि मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मुळशीच्या बाजूला एका पहाटे अशी ट्रॉली मला दहा फुटांवर येईपर्यंत दिसली नव्हती. त्या दिवशी मी गटाच्या बराच पुढे, एकटा होतो. ब्रेक लागले म्हणून वाचलो. पुढच्या अंधाराची सूचना मागच्याला देणं किती मोलाचं आहे, ते मला त्या पहाटे कळलं.

आता ऐका.

(फक्त आवाज. पुढून एक हाक, ती ओळीने मागे मागे जाते.)

"खड्डा डावीकडे!" "स्पीडब्रेकर!" "मागून गाडी!"

पहिली हाक लीडची. ती प्रत्येक जण पुढे, म्हणजे मागच्याला, देतो. मागून गाडी आली की हाक उलटी प्रवास करते, काकांपासून लीडपर्यंत. थंडीत कानटोप्या असतात, आवाज नीट पोचत नाही, म्हणून हातानेही दाखवायचं. खड्ड्याकडे बोट. थांबायचं असेल तर वर केलेला पंजा.

येवलेवाडीच्या अलीकडे रस्ता सखल होतो आणि हवा एकदम बोचरी होते. बोटं बधिर, नाक वाहतंय. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होते, आणि पाण्यासारखी उतारावरून खाली येऊन खोलगट भागात साचते. वारा पडलेला असेल तर ती तिथून हलत नाही. हिवाळ्यात पुण्यातल्या सखल शिवाजीनगरचं किमान तापमान उंचावरच्या लोहगावपेक्षा बहुतेक वेळा खाली असतं, त्याचंही एक कारण हेच. याच शिवाजीनगरला 17 जानेवारी 1935 रोजी पारा 1.7 अंशांपर्यंत उतरला होता. पण बोपदेव घाट चढायला लागा. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर गालाला ऊब लागते. ती निम्मी मेहनतीची, निम्मी खरीच. वरची हवा खालच्यापेक्षा उबदार असते. पहिल्यांदा येणाऱ्याला हे सांगून पटत नाही, चढल्यावर पटतं.

(घाट. दिव्यांची माळ वळणांवर वर जातेय. शेवटी दोन लाल ठिपके, बरंच अंतर राखून.)

चढावर गट फुटतो. फुटणारच. सपाटीवर पुढच्याच्या आडोशाने मागच्याचे कष्ट वाचतात, चढावर वेगच इतका कमी होतो की आडोशाला अर्थ उरत नाही. ज्याचं वजन त्यानेच उचलायचं.

तिची चेन पडली ती अर्ध्या घाटात.

घाईत गिअर टाकला, पेडलवर जोर होता, चेन आतल्या बाजूला उतरली. ती सायकल धरून उभी. "काका, तुम्ही जा पुढे, मी येते चालत." काकांनी सायकल कठड्याला टेकवली आणि शेजारी उकिडवे बसले. चेन त्यांनी बसवली नाही. बॅटरी धरली. "मागचा गिअर-हात पुढे ढकल. हं, चेन सैल झाली बघ. आता खालून चढव. आता पेडल उलटं फिरव, हळू." दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. गार लोखंडाला गार बोटं, तळहात काळे. काकांनी खिशातून फडकं काढून दिलं. सगळं मिळून सहा-सात मिनिटं गेली असतील.

वर एकवीस जण थांबलेले. घामाने भिजलेले कपडे अंगावर गार पडतायत, दातावर दात वाजतायत, आणि कुणीही हललेलं नाही. कुणीतरी तिळाच्या वड्यांचा डबा काढलाय. मला या राईडमधलं सर्वांत आवडतं दृश्य कुठलं, तर हेच. सगळ्यांचे डोळे खालच्या वळणाकडे, आणि एका क्षणाला आधी एक पांढरा दिवा दिसतो, मग दुसरा.

"आल्या!"

(पूर्वेला तांबूस रेघ. मागे पुण्याचे दिवे धुक्यात विझत चाललेले.)

पुढचं पठार सोपं. भिवरी, हिवरे. शेतात ज्वारी निसवलेली, चुलींचा धूर जमिनीलगत पसरलेला. डाव्या-उजव्या अशा दोन ओळी, चाकाला चाक. ताशी 30 च्या आसपास सपाटीवर तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. नीट मागे राहिलात तर साधारण पाव हिस्सा मेहनत वाचते, कधी त्याहून जास्त. पुढचे दमले की बाजूला होऊन मागे येतात. मार्शलने त्या मुलीला मधे घेतलं. दहा मिनिटांत तिचा श्वास लागायचा थांबला आणि ती शेजारच्याशी भोगीच्या भाजीबद्दल बोलायला लागली.

सासवडला मिसळ, दोन-दोन चहा, पाठीवर ऊन. सोपानदेवांच्या समाधीचं दर्शन ज्यांना घ्यायचं ते कऱ्हेकडे जाऊन आले. रस्त्याकडेला अंजिरांच्या पाट्या होत्या. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हा त्यांचा हिवाळी बहर. पातळ सालीची, बोट लागलं तरी खूण उमटणारी फळं. तिने अर्धा किलो घेतली. आईला. सायकलवरून ती न चिरडता कशी न्यायची यावर बरीच चर्चा झाली, आणि शेवटी ती काकांच्या पुढच्या पिशवीत, कानटोपीत गुंडाळून बसली.

उतरायचं दिवे घाटाने. काकांनी सासवडला वर्तमानपत्र मागून घेतलं होतं, त्याची पानं वाटली. ती जॅकेटच्या आत, छातीवर धरायची. जुनी युक्ती, पण चोख. 10 अंशांची हवा ताशी 40 च्या वेगात अंगाला 6 अंशांसारखी लागते. नऊ वाजून गेले तरी घाटातल्या काही वळणांवर सावली असते, बोटं आखडतात आणि ब्रेक उशिरा दाबला जातो. म्हणून दोन सायकलींमध्ये भरपूर अंतर. याच घाटाने आषाढात माउलींची पालखी चढते. खाली मस्तानी तलाव, पाण्यावर ऊन. आम्ही मात्र रस्त्यावरच नजर ठेवून उतरलो.

(हडपसर. गर्दी. हात हलवत सायकली वेगवेगळ्या रस्त्यांना पांगतात.)

काकांची राईड अजून संपलेली नाही. ते घरी येतात, चहा ठेवतात आणि फोन समोर घेऊन बसतात. ग्रुपवर "पोचलो", "पोचले" असे निरोप येत असतात. ते कागदावर रेघा मारतात.

साडेदहाला 21 रेघा. एक स्वतःची, बावीस.

पावणेअकराला फोन वाजतो. तिचा निरोप, सोबत फोटो. ताटलीत अंजिरं, एकही फुटलेलं नाही. मागे शाल पांघरलेल्या आईचा हात, एक उचलून घेताना.

काका शेवटची रेघ मारतात आणि लाल दिवा चार्जिंगला लावतात.